बिल्ल्यावरचं नाव

६ जानेवारी १९२४

बिल्ला बदलला! काल कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीच्या नाकावर नुसतं ‘मार्साक’. एव्हारिस्तला जाऊन अजून वर्ष नाही झालं, आणि ‘मार्साक–रूव्हिए’मधला रूव्हिए गायब! इंजिन कुणाचं? माझ्या नवऱ्याचं. मार्साकचं काय, तर पैसा आणि पोट.

वर त्याच्या बायकोनं सणाचा केक पाठवला. सासूबाई म्हणतात, ‘‘खा गं, पिठानं काय पाप केलंय?’’ कोंबड्यांना घातला.

९ जानेवारी

गेले तडक मार्साकच्या कचेरीत. ‘‘अहो वहिनी, दोन-दोन नावं लोकांच्या तोंडात बसत नाहीत. आणि खरं सांगू? शर्यतीत जीव गेलेल्या माणसाचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं.’’

वहिनी म्हणे! मेल्या, त्या दिवशी पाऊस होता. एव्हारिस्त म्हणत होता, आज घाट नको. ‘‘पॅरिसचे पत्रकार आलेत, काढ गाडी,’’ कोण म्हणालं?

तुझं नाव पुसून नाही टाकलं तर बघ.

२ मार्च

मार्साक प्रार्थनेला पुढच्या बाकावर. मी मागे बसून त्याच्या जाड मानेकडे बघत होते. प्रार्थनेतलं अक्षर कानात गेलं नाही.

१८ मे

एव्हारिस्तचा मिस्त्री फिर्मँ आला होता. चढावर आपली गाडी पॅरिसच्या त्या बड्या कंपनीच्या गाडीला मागे टाकते म्हणाला. मार्साकसाहेब छाती फुगवून फिरतो. फुगव, फुगव!

मग हळूच म्हणाला, ‘‘बाई, इंजिनाचे हक्क तर तुमच्याच नावावर आहेत ना? दम भरा त्याला. झक मारत नाव परत लावेल.’’

खरंच की. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? पण नाव का मागू? भीक मागितल्यासारखं! हक्कच पॅरिसवाल्यांना विकले तर? बनव म्हणावं मग काय बनवायचं ते. सायकलच्या घंट्या बनव!

७ जून

पॅरिसहून देलकूर म्हणून त्यांचा माणूस आला. हातमोजे, अत्तर, माझ्या हाताचं चुंबन. ‘‘तुमच्या यजमानांचं इंजिन म्हणजे, बाई, आमच्या साहेबांची झोप उडवलीय त्यानं.’’ ऐकून बरं वाटलं. बिल्ल्यावरच्या नावाचं विचारलं. ‘‘एकदा आमच्या हाती येऊ द्या, सगळं व्यवस्थित करू.’’

सही केली.

सासूबाई उठून आत गेल्या. जाऊ देत.

३ ऑक्टोबर

आला! मार्साक! स्वयंपाकघराच्या दाराने, टोपी हातात घेऊन. इंजिन नाही तर गाडी नाही, पॅरिसवाले कारखाना मातीमोलानं मागतायत. गालफडं बसलीत. खिशातून जुना बिल्ला काढून टेबलावर ठेवला, सूपच्या भांड्याशेजारी. ‘‘वहिनी, उद्यापासून दोन्ही नावं. तुमचं आधी म्हणालात तर तुमचं आधी. तेवढा करार मोडा. चुकलो मी. त्या दिवशी पावसातही चुकलोच.’’

नऊ महिने ज्याची वाट बघितली ते हेच! मी सूप ढवळत राहिले. म्हटलं, ‘‘भावजी, दोन-दोन नावं लोकांच्या तोंडात बसत नाहीत.’’

दार ओढून घेताना पायरीवर अडखळला. मी पोटभर जेवले.

२ नोव्हेंबर

दफनभूमीत गेले. कबरीवर शेवंती ठेवली. मार्साकनं कारखाना विकला, फाटकावरची पाटी उतरली— सगळं सांगितलं एव्हारिस्तला. हसून सांगितलं.

११ डिसेंबर

फिर्मँ येऊन गेला. खुर्ची दिली तरी बसला नाही. पॅरिसवाल्यांनी आज इंजिनाचे सगळे लाकडी साचे, ज्यांवरून ओतकाम व्हायचं ते, भट्टीत घातले. देलकूर समोर उभा राहून म्हणाला, ‘‘चढावर आम्हाला हरवणारं हे एकच होतं, ते संपवायलाच घेतलं.’’

मार्साक धावत गेला होता म्हणे. शेवटपर्यंत विनवत होता— ‘‘एक तरी ठेवा हो, रूव्हिएचं आहे ते.’’