सात मशिनं, एक टब

३ मार्च
माझ्या संग्रहात सहावं शिलाई मशीन आलं. पायाचं, काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. बायको दारातच उभी होती. विचारते, चालतं का? म्हटलं, अँटिक वस्तूला असले प्रश्न विचारत नाहीत. ती आत निघून गेली. पटलं असावं.

५ मार्च
हिला एका नव्या दवाखान्याचे पांढरे कोट शिवायची ऑर्डर मिळाली. आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. वीस तारखेला द्यायचेत. तिचं मशीन साधं, हिरवं, माहेरून आणलेलं. चालतं उत्तम, पण इतिहास शून्य. माझं एखादं वापर म्हटलं, तर म्हणते त्यातलं एकही टाका घालत नाही.
घालेल. संकल्प : आठवड्यात सगळी मशिनं चालू. रोज पहाटे उठून एक तास.

६ मार्च
उठायला उशीर झाला. मोठ्या कामाआधी विश्रांती हवीच.

८ मार्च, दुपार
ही कापड आणायला गेली आहे. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकेक मशीन खोलत बसणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. सगळी एकदम खोलली आणि सगळे भाग एकाच टबात रॉकेलमध्ये बुडवले. रॉकेल उरलं, म्हणून हिचंही मशीन खोललं. सरप्राइज.

संध्याकाळ
सरप्राइज झालं.

९ मार्च
सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण सारखे नसतात. कंपन्यांचा हा कावा आहे. हिला सांगितलं, संध्याकाळपर्यंत जोडून देतो. कुठली संध्याकाळ, ते सांगितलं नाही.

११ मार्च
एक मशीन जोडलं. देखणं दिसतं. चाक फिरत नाही. तेल घातलं, तर तेल खालून बाहेर आलं. म्हणजे आतला मार्ग मोकळा आहे.

१२ मार्च
हिने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. तो टबाकडे बघत राहिला. म्हणाला, "कुठला भाग कुणाचा, ते आता मशिनांनाच ठाऊक." आणि गेला. हल्ली कुणाला आव्हान नको असतं.

१३ मार्च
ही आता दुपारी आपल्या जाऊबाईंच्या मशीनवर शिवायला जाते. जाऊबाई मशीन देतात आणि देताना चार शब्द ऐकवतात. हिला लागतं ते. मी समजूत घातली, तेवढंच चार माणसांत मिसळणं होतं. रात्री माझं ताट वेगळं वाढलं होतं. विचार करायला बरं पडलं.

१६ मार्च
हिचं हिरवं मशीन जोडलं! मूठभर भाग उरले, म्हणजे कंपनीने उगाच भरताड केली होती. टाका पडला. एकच, पण पडला. मग आत काहीतरी कडकन मोडलं. हिला बोलावून तो टाका दाखवला. ती मशीनवर हात ठेवून बराच वेळ बसली. डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. अशी दाद रोज मिळत नाही.

१९ मार्च
जाऊबाईंकडे पाहुणे आले, मशीन मिळेना. उरलेले कोट ही आणि मुलगी हाताने शिवत बसल्या. हिची बोटं सुजली आहेत. टाके जवळजवळ घाला, अशी सूचना मी केली. मुलीने मला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. प्रकाश अडत असेल.

२० मार्च
कोट वेळेवर पोचले. घरातल्या पुरुषाचा पाठिंबा असला की बाई काय करू शकते!

२५ मार्च
हिने नवं विजेचं मशीन आणलं आणि माझ्या खोलीत ठेवलं. माझा संग्रह गॅलरीत हलवला आहे. तिथे हवा खेळती आहे.

२८ मार्च
दवाखान्याच्या बाई नव्या ऑर्डरची मापं द्यायला आल्या. मी जुन्या मशिनांवर दोन शब्द बोलणार, तोच त्यांनी विचारलं, हे कोण? हिने शिवणीवरून नजर उचलली नाही.
"हे बटणं लावतात," ती म्हणाली. "मशीनला मी हात लावू देत नाही."
बाईंनी समजूतदारपणे मान हलवली.
संकल्प : उद्यापासून पहाटे उठून बटणांचा सखोल अभ्यास.

संध्याकाळ
अभ्यासाआधी सराव म्हणून दोन कोटांना बटणं लावली होती, ते माझ्याकडे परत आले. बटणं काढून पुन्हा लावायची आहेत.