सारस जिंकेपर्यंत

कोबे, ८ एप्रिल १९५८

सौ. योशिनोताईस सा. न. वि. वि.

छोटीचा खोकला थांबला का? इकडे माझंच काहीतरी विचित्र होऊन बसलंय. कान्जीने नवस केलाय. त्याचा बेसबॉलचा लाडका सारस संघ अजिंक्य होईपर्यंत सगळ्यांत आवडती गोष्ट सोडायची. आधी चहा सोडून झाला, गेल्या वर्षी साके, म्हणजे दारूच. तरी सारस तळाशीच. देवळातल्या पुजारीबुवांनी चिडवलं म्हणे, की तुला साके फारशी आवडत नसणार. म्हणून यंदा त्याने मला सोडलंय.

दारात उभा राहून इतक्या आनंदाने सांगत होता, की क्षणभर मला अभिमानच वाटला बघ. आता भेट नाही, निरोप नाही. बाबांशी आपल्या लग्नाचं कधी बोलणार विचारलं, तर म्हणाला, जिंकलो की सामन्यांत प्रेक्षकांत बसून वाजवतो तो ढोल घेऊनच येतो. बाबांनी हिमेजीच्या कापडवाल्यांचं स्थळ ऑक्टोबरपर्यंतच थोपवलंय.

रागवू की लाजू, तूच सांग.

तुझी सुमिए

ओकायामा, १७ एप्रिल

चि. सुमिएस अनेक आशीर्वाद.

तुझे भाऊजी हसून लोळले. म्हणाले, टोफू विकून विकून पोराची अक्कलही टोफूसारखी लिबलिबीत झालीय. मला हसू आलं नाही. बाबांना लिहिते, पण त्यांचं उत्तर मला पाठ आहे. तूही देवळात जा, आवडतं काही सोड. सारस जिंकले की सगळंच सुटेल.

जेवत जा. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी ताई

कोबे, ४ ऑक्टोबर

सौ. ताईस सा. न.

तुझं ऐकून देवळात गेले होते. हात जोडले आणि काय सोडावं ते सुचेना. आवडतं ते आधीच सोडून गेलेलं. शेवटी भाजलेली रताळी सोडली. देवालाही हसू आलं असेल. पण ताई, सारस जिंकत सुटलेत! मी रेडिओला कान लावून बसते. बाबा म्हणतात, पोरगी बिघडली. आता अखेरचा एकच सामना उरलाय.

तुझीच सुमिए

कोबे, २७ ऑक्टोबर

सौ. ताईस सा. न.

सारस एका धावेने हरले, ते तुला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कान्जी मागच्या दाराशी आला. मान खाली. म्हणाला, चूक माझीच. सप्टेंबरात ट्राममधून तू मासळीवाल्याकडे दिसलीस. तोंड फिरवायला हवं होतं. वळण येईपर्यंत बघत राहिलो. नवस तिथेच मोडला. पुढच्या वर्षी डोळे मिटून जाईन, एकच वर्ष थांब.

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी विचारलं, मी काय नेसले होते? निळा किमोनो, म्हणाला, आणि काखेत मुळा. मला रडू फुटलं. म्हटलं, आत्ताच आत ये, बाबा घरात आहेत. तर विस्तवावर पाय पडल्यासारखा मागे सरला. नवा नवस त्याने सकाळीच केला होता, तेवढं सांगायलाच आला होता.

बाबांनी काल हिमेजीला होकार कळवला. मी नाही म्हणाले नाही. कुणाच्या जिवावर म्हणू?

पुढच्या वर्षी सारस नक्की जिंकतील, ताई. आता त्याला मी ट्राममधूनही दिसणार नाही.

छोटीला पापा. तुझा लोभ तेवढा हिमेजीच्या पत्त्यावरही येऊ दे.

तुझी सुमिए