भिंतीवरचा नंबर

दादा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुमच्या नातवाला मराठी वाचता येत नाही. त्याचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, दुकानांच्या पाट्या तो तेलुगूत वाचतो, मराठी नुसतं बोलतो, तेही अर्धं दखनीत. म्हणजे हे कागद घरात कुठंही पडले तरी मला धोका नाही, म्हणून बिनघोर लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्या नावावर कधी खोटं खपवलं नव्हतं, ते आता खपवलंय. तेच सांगायचंय, पण आधीचं आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी नेहमीसारखी उलटीकडून सुरू करते.

तुमचा नातू इस्रायलला आहे. गिलावा करतो. इथं डिप्लोमा केला, कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात चार वर्षं राबला, तो कारखाना बंद पडला. मग उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तुमच्या परांचीवर चढून जे शिकला होता, तेच हाताशी आलं. हात तुमचाच आहे हो त्याचा, बघणारे सांगतात. पण गिलावा करतो म्हटलं की मुलीकडची माणसं चहा अर्धा ठेवून उठायची. तोच गिलावा परदेशात करणार म्हटल्यावर तीच माणसं मला फोन करायला लागली. हसावं की रडावं! विमानतळावर जाताना त्यानं बॅगेत कपड्यांच्या मधोमध तुमचा तो गिलावा घोटायचा लाकडी रंधा ठेवला, एका कडेनं झिजलेला. मी म्हटलं, अरे तिकडं मशिनी असतील, हे ओझं कशाला? तर म्हणे, “राहू दे मम्मी, टेन्शन नक्को लेव.”

तिथं माणसं का लागतात हे मी आधी विचारलंच नाही. नोकरी मिळतेय म्हटल्यावर आपण कुठं खोदत बसतो? नंतर हळूहळू कळलं. एके दिवशी सकाळी हत्यारबंद माणसं सीमा तोडून आत घुसली, घराघरांत शिरून मारत सुटली, म्हाताऱ्यांना, लेकरांना ओलीस धरून घेऊन गेली. त्यानंतर ती माणसं जिथून आली त्या गाझा नावाच्या चिंचोळ्या पट्टीवर बॉम्ब पडत राहिले, महिनोन्‌महिने. फोनवर बघते तर बाप ढिगारा उपसतोय हातानं, फावडंसुद्धा नाही. दादा, मी दिवसभर वीज ऑफिसच्या खिडकीवर बसून लोकांच्या शिव्या खाते, मी काही लेचीपेची नाही, पण ते बघून मी जेवण तसंच टाकून उठले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दोन्हीकडचे सेनापती आहेत. सोफ्यावर बसून कुकटपल्लीतनं युद्ध लढतात. एकानं त्या ढिगाऱ्याच्या फोटोखाली टाळ्या टाकल्या, तेव्हा मी ग्रुप सोडला.

आणि त्या देशात घरं बांधायला रोज पहाटे नाक्यावर रांग लावून जे पॅलेस्टिनी गवंडी यायचे, गाझातले नव्हेत, दुसऱ्या भागातले, त्या सगळ्यांचे परवाने त्या दिवसापासून बंद झाले. ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, त्यांचेही. हजारो घरं अर्धी उभी राहिली. ती पुरी करायला आपली पोरं नेली. माझा पोरगा कुणाच्या जागेवर उभा आहे हे मला कळलं, आणि कळल्याबरोबर तुम्ही आठवलात.

तुम्हाला तो कर्फ्यूचा आठवडा आठवतो का? आपण नामपल्लीला राहत होतो, पत्र्याच्या त्या खोलीत, आणि तुमचं काम कुकटपल्लीला, तिथं तेव्हा कॉलनी उठत होती. तिथं तुमच्या शेजारच्या भिंतीचा गिलावा चाचांकडं होता. चाचा नदीपलीकडचे, जुन्या शहरातले, रोज सायकलीवर यायचे. मग दंगल झाली, जुन्या शहरात कर्फ्यू लागला, चाचा अडकले. त्यांची भिंत अर्धी गिलावा केलेली, अर्धी उघडी. ठेका घेतलेला गुत्तेदार तुम्हाला म्हणाला, तू कर पुरी. तुमची स्वतःची भिंत दोन दिवसांत संपली, आणि तुम्ही चाचांच्या भिंतीला हात लावला नाही. रोज जायचे, बसायचे, परत यायचे. गुत्तेदार शिव्या घालायचा. घरात पीठ तळाला गेलं. माय चुलीपुढं काही बोलत नव्हती, पण भाकरी रोज लहान होत होती, तेच तिचं बोलणं.

मी दहा वर्षांची असेन. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता. मी म्हटलं, “चाचांना येताच येत नाही, तर तुम्हीच करा की! भिंत काय त्यांच्या बापाची आहे?” तुम्ही घास खाली ठेवला. मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी विसरले असते. तुम्ही म्हणालात, “त्याची वाट बंद केली म्हणून त्याचं काम आपलं होत नसतं. दुसऱ्याची अर्धी भिंत घ्यायची तर आधी त्याला विचारायचं. नाही विचारता आलं, तर नाही घ्यायची.” माय तेव्हा पहिल्यांदा बोलली, “आणि खायचं काय?”

सहाव्या दिवशी कर्फ्यूत दोन तासांची ढील मिळाली. तुम्ही मला सायकलीच्या दांड्यावर बसवलंत. पोरगी बरोबर असली की पोलीस अडवत नाहीत, असं मायला सांगितलंत, आणि माय दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत राहिली. नया पुलावरून आपण चाललोय. दुकानं सगळी बंद, रस्त्यावर चपला पडल्यात, एकेकट्या. मी त्या मोजत नाही, डोळे मिटून घेते. चाचांच्या गल्लीत माणसं तुमच्याकडं बघतात, तुम्ही कुणाकडं बघत नाही. चाचा दार उघडतात तेव्हा त्यांच्या हातात लाटणं असतं, हत्यार म्हणून धरलेलं. तुम्हाला बघून ते लाटणं पाठीमागं लपवतात. तुम्ही “सलाम अलैकुम” म्हणता आणि सरळ विचारता, गुत्तेदार तुमची भिंत मला करायला सांगतोय, करू का?

चाचा हसायलाच लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. “इत्ते वास्ते जान खतरे में डालके आए मियाँ? करलेव, करलेव. दीवार का क्या कसूर?” आणि आत जाऊन रंधा घेऊन आले. “ये लेके जाव. उस दीवार कू इसकी आदत है.” तोच हा रंधा. नंतर चाचा कामावर आले, तुम्ही परत करायला गेलात, त्यांनी घेतला नाही.

तर दादा, तुमच्या नातवानं महिन्यापूर्वी मला एक फोटो पाठवला. तेल अवीवच्या जवळची एक इमारत, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतीवर पातळी धरायला लावलेले गिलाव्याचे ठिपके वाळून दगड झालेले. पुढचं काम कुणी केलंच नाही. कोपऱ्यात चहाचा एक ग्लास. आणि उघड्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेलं काहीतरी, त्यांच्या लिपीत एक नाव असावं, आणि त्याखाली मोबाईल नंबर.

तुम्हाला अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे यायचे, आणि तुम्हीही भिंतीच्या कोपऱ्यात असाच नंबर लिहायचात, आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याचा. घरमालकाला पुढं काम निघालं तर त्यानं फोन करावा म्हणून. किराणावाल्यानं हाक मारली की तुम्ही भाकरी टाकून, खरकट्या हातानं पळायचात. अनोळखी फोन म्हणजे काम, दुसरं काय? एकदा तुम्ही पोचायच्या आत फोन कटला, तर परत वाजेल म्हणून तुम्ही तासभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिलात. मी बोलवायला आले तर म्हणालात, थांब, वाजेल.

फोटोमागोमाग पोराचा फोन आला. “मम्मी, आज्जा बोलत होते ना, पहले मिस्त्रीला पूछे बगैर हात नाही लावायचा म्हणून? नंबर तर आहे. कॉल करू का?”

मी ओरडलेच. “खबरदार! वेडा झालास का? तिथं युद्ध चाललंय. त्या लोकांशी फोनवर बोललास आणि कुणी ऐकलं तर काय होईल? परत पाठवतील, नाहीतर कुठं कोंबून ठेवतील. आधी तो फोटो पूस!” ह्या पोरासाठी माझा जीव रोज टांगणीला असतो, दादा. हल्ल्याचा भोंगा वाजला की तो लोखंडी दाराच्या खोलीत पळतो, आणि दार बंद झालं की फोनची रेंज जाते. तेवढी दहा-पंधरा मिनिटं मी खिडकीवर बसून लोकांना म्हणते, थांबा जरा, सिस्टीम स्लो आहे.

तो म्हणाला, “फोटो पुसतो. पर आज्जा असते तर काय बोलले असते, सच्ची बोल.”

मी म्हटलं, “आज्जा म्हणाले असते, भिंतीचा काय गुन्हा? कर पुरी.”

हे ते खोटं. तुम्ही असं कधीच म्हणाला नसतात. ते शब्द चाचांचे होते, आणि चाचांनी ते विचारल्यावर दिले होते. ज्याची वाट बंद झाली होती त्याचे ते शब्द, ते मी उचलले आणि तुमच्या तोंडात घातले, आणि माझ्या पोरानं ते खरे मानले, कारण आज्जाचा शब्द. त्यानं भिंत पुरी केली. दुसरा फोटो आला, भिंत आरशासारखी, नंबर गिलाव्याच्या आत गेलेला. मला आधी सुटल्यासारखं झालं. खरं तेच लिहिते, मला आनंद झाला.

मग त्यानं मुकादमाची गोष्ट सांगितली. मुकादम तिथला, साठीचा ज्यू माणूस, ह्याला जेवायला बसवतो, भोंगा झाला की आधी पोरांना आत ढकलतो आणि शेवटी स्वतः येतो. त्याच्या बहिणीचा नातू त्या पहिल्या दिवशीच्या हल्ल्यात गेला, एकवीस वर्षांचा. तो म्हातारा खोलीत आला, पुऱ्या झालेल्या भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ज्यानं हे ठिपके लावले तो अठरा वर्षं माझ्याबरोबर होता. माझ्या मुलीच्या लग्नात जेवलाय. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रागानं त्याचा नंबर काढून टाकला. आता तो जिवंत आहे की नाही तेही मला माहीत नाही. पोरगा म्हणाला, “मम्मी, माझ्याकडं पण नव्हता ना तो नंबर. मी पुसला होता.”

त्याच्याकडचा पुसला होता. माझ्याकडचा मी पुसला नव्हता.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी खिडकी लावून घेतली, डबा उघडला नाही, आणि तो नंबर व्हॉट्सॲपवर टाकला. गोल चित्र आलं, एक लहान मुलगी, दोन वेण्या, दात पडलेले. मी फोन लावला. तिकडं अजून सकाळच असेल. दुसऱ्याच रिंगला उचलला, दादा, दुसऱ्याच. माणूस काहीतरी म्हणाला. मी दिवसभर तीन भाषांत भांडणारी बाई, माझ्या तोंडून फक्त “सलाम अलैकुम” निघालं, चाचांच्या दारात तुम्ही म्हणाला होतात तसं. त्यानं त्याचं उत्तर दिलं, लगबगीनं, आनंदानं म्हणा ना. मागं भांड्याचा आवाज, एक लेकरू काहीतरी मागत होतं. मग त्यानं काहीतरी विचारलं. परत विचारलं. मला एक शब्द कळला नाही, आणि मी फोन ठेवला.

तो जिवंत आहे. हे मुकादमाला कळवता येईल. पण त्यासाठी आधी पोराला सांगावं लागेल, की फोटो माझ्याकडं होता, आणि तो नंबर चालू होता, आणि विचारता आलं असतं. आणि आज्जा तसं म्हणालेच नसते, हेही सांगावं लागेल. रोज सांगीन म्हणते. रोज त्याचा आवाज ऐकते आणि जेवलास का एवढंच विचारते.

एक राहिलं. मी फोन ठेवल्यावर त्यानं उलटा फोन केला. नंबर भारतातला आहे हे त्यानं बघितलंच असेल, तरी केला. मी ऑफिसच्या टेबलावर फोन ठेवून ती दोन वेण्यांची पोरगी बघत बसले, वाजून वाजून बंद होईपर्यंत. थोड्या वेळानं परत वाजला. काम आहे असं वाटलं असेल त्याला, दादा. मी उचलला नाही.