बांच्या घरातला न हलणारा टिपका

पुसद

सौ. उज्ज्वलाताई,

भारतचा नमस्कार. भाऊजींचं पित्त बसलं का? इकडे बा धडधाकट आहेत, घराचं कुलूप तेवढं तुटलं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मला पुढचं आठवत नाही.

बा ओट्यावरून घसरले, गुडघा दुखावला आणि तू त्यांना पुण्याला, तुझ्या चौथ्या मजल्यावर न्यायचं ठरवलंस, तेव्हापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलंय. (तांडा सोडायचा म्हटलं की घास अडतो.) ते एकटे राहू शकतात हे तुला दाखवावं, म्हणून कॉलेजात शिकवतो ती विद्या मी कामाला लावली. फुलसावंगीच्या तांड्यावरच्या घरात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मोरीच्या वाटेवर एकेक सेन्सर ठोकला. लिंबाएवढा पांढरा, फुगीर डोळा. समोरून माणूस गेला की अंगाची ऊब ओळखतो आणि माझ्या मोबाइलवर त्या खोलीत टिपका उमटतो. मग मी भर वर्गात बांचा टिपका बघत बसू लागलो. (मुलं म्हणतात, सर हल्ली छान शिकवतात. मी बोलतच नव्हतो.)

परवा सकाळी पाहिलं, तर टिपका आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकघरातच. बा फोन उचलेनात. ते चुलीजवळ पडलेत हे मी ठरवूनच टाकलं, ॲम्ब्युलन्स केली आणि भोंगा वाजवत तांड्यात शिरलो. अर्धा तांडा मागे धावला. दाराला बाहेरून कुलूप. आत पडलेला माणूस बाहेरून कुलूप लावत नाही, हे शेळीलाही कळलं असतं, तुझ्या एम.टेक. भावाने दगड उचलला. कुलूप तुटलं आणि गर्दीतून बा पुढे आले. कोण आजारी पडलं ते बघायला तेही सगळ्यांबरोबर पळत आले होते. (गुडघा बरा आहे, हे ध्यानात घे.)

"चाबी माह्या खिशात हाय," ते म्हणाले. "मांगतली असती तं देली असती."

आत जाऊन पाहतो, तर बांचा फोन खाटेवरच पडलेला आणि चारही डोळ्यांवर हळदकुंकू, वर अक्षता. हे शेजारच्या धनीबाईकाकींचं काम. नवी वस्तू पूजेवाचून भिंतीवर लटकतेय हे त्यांना पाहवलं नाही. कुंकवाआड डोळ्यांना ऊब दिसेना. स्वयंपाकघरातला शेवटी पुजला, म्हणून टिपका तिथेच गोठला. मी चिडलो, तर काकींनी उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

सगळे गेल्यावर बा हळूच म्हणाले, "मी हाय का नाही हे पाहाचं असंन तं इथं राहाले ये. भिंतीले काय इचारतं?" ताई, मला रडू आलं. सेन्सर काढून आणले. तू त्यांना नेऊ नकोस.

तुझा,
भारत

ता.क. मी फुलसावंगीला राहायला जायचं ठरवलंय, कॉलेजला जाणंयेणं करीन. वर्षाला अजून सांगायची हिंमत झालेली नाही. ती तुझं ऐकते, तेव्हा तूच सांग. फक्त मी घरात असताना नको.

ता.क. ताई, मी वर्षा. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. आम्ही त्यांच्याकडे राहायला येतोय हे मी बांना मागच्याच आठवड्यात सांगितलंय. ह्यांनी आपणहून म्हणावं म्हणून दोघंही गप्प होतो, परवा मात्र बांना राहवलं नाही. आमची निम्मी भांडी, डाळतांदळाचे डबे आणि कूलरसुद्धा फुलसावंगीला धनीबाईकाकींकडे पोचलाय. ह्यांना अजून पत्ता नाही.