नेम चुकला की म्हणायचा शब्द

अथेन्सहून थ्रासोनचा बाबांना नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कसा आहे?

काल शोकांतिका पाहिली. एक सज्जन बाप अंधारात चोर समजून परतलेल्या मुलावरच बाण सोडतो, आणि चेहरा पाहतो तेव्हा उशीर झालेला असतो. शेजारचा कांदेवाला मला म्हणाला, “रडतोस काय, मुखवट्याखाली जिवंत आहे तो.” डोळे त्याचेही ओले होते.

आज गुरुजी म्हणाले, शोकांतिकेचा नायक दुष्ट नसतो, त्याच्याकडून ‘हामार्तिया’ होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र क्रीटचा आपला डोंगर आठवला. माझा बाण भलतीकडे गेला की तुम्ही हाच शब्द ओरडायचात.

मला आता दाढी आली आहे, बाबा. येईन तेव्हा लांबूनच हाक मारीन. आवाज तरी ओळखाल ना?

तुमचा थ्रासोन