शुक्रवारचे निरोप

२ सप्टेंबर, मंगळवार

एकतर फूफी खोटं बोलतेय, नाहीतर अम्मी इतकी वर्षं खोटं बोलत आली. तिसरं काही असूच शकत नाही!

अक्षर बघ कसं आलंय.

झालं असं. फूफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, दुपारी कामाच्या जागी येऊन धडकली. खालची कवळी सैल झालीय म्हणाली. आम्ही दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो, पेशंट तिथे सहसा येत नाहीत, पण फूफीला अडवणार कोण? दात काढून माझ्या हातात ठेवले आणि बोळक्या तोंडाने सुरू झाली. भावाची आठवण, भावाचा करारीपणा! "तू नवऱ्याचं घर सोडलंस ना, त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याने तुझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं तर ताटावरून उठायचा. माणूस असावा तर असा!"

कौतुकाने सांगत होती. मलाच!

मी म्हटलं, "पण अम्मीबरोबर निरोप पाठवायचे ना मला."

फूफी हसायलाच लागली. "निरोप? तो? तुला?"

घासायची मोटर चालू होती. कवळीची कड नको तितकी घासली गेली. फूफीला म्हटलं, काही नाही झालं, परवा घेऊन जा.

आजचं खोटं — "काही नाही झालं."

३ सप्टेंबर, बुधवार

कामात लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. शेठ म्हणाले, "बाई, हा माणूस हसला तर लोक पळतील." मला हसूही आलं नाही.

एकदा सगळं सरळ लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

ज्याच्याशी माझं लग्न लावलं तो अब्बांच्या जिवलग दोस्ताचा मुलगा. मी खुला घेतला, म्हणजे वेगळं व्हायची मागणी माझीच. का घेतला ते इथे लिहीत बसत नाही, घेतला. अब्बांची दोस्ती तुटली. "माझी मान खाली घातलीस," एवढं म्हणाले आणि पाठ फिरवली. मीही त्यांचीच मुलगी. ही खोली भाड्याने घेतली आणि अब्बा असेपर्यंत घराचा उंबरा चढले नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी अम्मी यायची. एका हातात डबा, आणि बसल्यावर श्वास घेऊन झाला की अब्बांचा निरोप. लांबलचक कधीच नाही. अब्बा बोलायचेच मोजकं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, तेल घालावं तसं थेंबभर बोलायचा. "अब्बा म्हणाले, प्लास्टरची धूळ वाईट, नाकातोंडाला फडकं बांधत जा." "अब्बा म्हणाले, दाराची कडी तकलादू आहे, बदलून घे." मी कडी बदलली. फडकं रोज बांधते. चिडून म्हणायचे, "स्वतः येऊन सांगायला काय झालं?" पण पुढच्या शुक्रवारची वाट बघायचेच.

आणि जुलैत, दवाखान्यात. अब्बा बेशुद्ध. अम्मी बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काल म्हणत होते, पोरीने केलं ते बरोबरच केलं."

या एका वाक्यावर मी आज उभी आहे. हे वाक्य काढून घेतलं तर माझ्याकडे काय उरतं?

आत्ता लिहिता लिहिता एक सुचलं. अब्बांनी ही खोली कधी पाहिलीच नव्हती. कडी तकलादू आहे हे त्यांना कसं कळणार? इतकी वर्षं माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही!

४ सप्टेंबर, गुरुवार

नाही. अम्मी खोटं बोलूच शकत नाही.

जी बाई गल्लीतल्या सगळ्या मुलींना कुरआन शिकवायची, जी सांगायची की लहान मुलाला "ये, खाऊ देते" म्हणून बोलावलं आणि मूठ रिकामी असली तर तेही खोटंच लिहिलं जातं, पैगंबरांनी बजावलंय — आणि नुसतं सांगायची नाही, ओढणीच्या टोकाला कायम खजूर बांधून ठेवायची, कारण तोंडातून कधी "ये" निघेल नेम नाही! अब्बांचा एक चिकट नातेवाईक दारात आला की अब्बा आतून खुणा करायचे, नाही म्हणून सांग. अम्मी दार उघडून सांगायची, "घरात आहेत, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतात." अब्बा कपाळ बडवून घ्यायचे.

आजचं खोटं लिहायची ही सवयही तिचीच. झोपायच्या आधी स्वतःला विचारावं, वर विचारलं जाण्याआधी. ती मनातल्या मनात विचारते. माझी स्मरणशक्ती कमी आणि खोटं जास्त, म्हणून मी लिहिते.

अशी बाई आठवड्यामागून आठवडा, माझ्या डोळ्यांत बघून? शक्य नाही. फूफीला काही ठाऊक नसेल. फूफीला कधी काय ठाऊक असतं!

५ सप्टेंबर, शुक्रवार

नमाजनंतर अब्बांसाठी हात वर केले. रोज करते तसे. "या अल्लाह, त्यांच्यावर दया कर, जशी त्यांनी मला लहानाचं मोठं करताना केली" — जीभ मध्येच थांबली. पुढे सरकेचना!

मनातून कुणीतरी म्हणालं, ज्याने तुझं नाव टाकलं त्याच्यासाठी मागतेस, ते खरं मागतेस का? मी खरंच मागत नव्हते. नुसते ओठ हलत होते. माणसाशी खोटं बोलले तर इथे लिहिते. हे कुठे लिहू?

हात खाली घेतले. बापासाठी दुआ न मागता उठलेली मुलगी! मेलेल्या माणसाला मागे राहिलेल्या लेकरांच्या दुआ तेवढ्या पोचतात म्हणतात. आणि त्यांचं लेकरू मी एकटीच.

रविवारी जाऊन अम्मीला विचारणार.

७ सप्टेंबर, रविवार

विचारलं.

अब्बा गेल्यापासून अम्मी इद्दतीत आहे, घराबाहेर पडत नाही. स्वयंपाकघरात घेवडा मोडत बसली होती. मी समोर बसले. माझ्याही हातात शेंगा दिल्या. बराच वेळ दोघी मोडत होतो. मग मी एकदम म्हटलं, "अम्मी, ते निरोप — अब्बा खरंच म्हणाले होते?"

वाटलं होतं चिडेल. म्हणेल, वेडी आहेस का. रडेल. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "नाही."

"कुठला नाही?"

"कुठलाच नाही."

"फडक्याचा?"

"तो मीच."

"कडीचा?"

"तोही मीच."

पुढचं विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलंच. "दवाखान्यातला?"

शेंग मोडता मोडता हात थांबला. "तोही मीच, बेटा."

आवाज इतका शांत, जणू मी मीठ कुठे ठेवलंय ते विचारलं! ना सारवासारव, ना माफी. विचारलं तेवढ्याचं उत्तर. मी उठले. चपला न घालताच जिना उतरत होते, खालच्या पायरीवर कळलं. परत वर गेले. ती दारात माझ्या चपला हातात घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

माझ्या आईने माझा बाप बनवला! मी तोंडासाठी दात बनवते तसा, साच्यात घालून, रंग जुळवून. आणि मी इतकी वर्षं त्यानेच घास चावत राहिले.

८ सप्टेंबर, सोमवार

फूफीचा फोन. कवळी झाली का. म्हटलं, "नाही. माझ्या हातून बिघडली होती, नवी करतेय. मंगळवारी खोटं बोलले." फूफी म्हणाली, "अगं, बरी आहेस ना?"

११ सप्टेंबर, गुरुवार

अम्मीचा फोन आला. "जेवलीस?"

"नाही."

कुणीच फोन ठेवेना. शेवटी तिच्याकडे कुणीतरी आलं.

दुआ अजून अडलेलीच. नमाज पढते, दुआच्या वेळी नुसती बसून राहते.

शेठना वाटतंय मला पगार वाढवून हवाय म्हणून मी अशी तोंड पाडून फिरते. स्वतःहून म्हणाले, माझं दिवाळं काढू नका बाई, विचार करतो. गप्प बसले असते तर वाढलाही असता! म्हटलं, "पगाराचं नाही, घरचं आहे." वाढीव पगार गेला. पण आज लिहायला खोटं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आलिमाबाईंच्या वर्गाला गेले. शाळेच्या मागच्या खोलीत बायकांना धर्म शिकवतात. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण समोर बसलं की आपणच लहान वाटतो. वर्ग संपल्यावर थांबले आणि म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे."

ऐक! खोटं बोलण्याबद्दल विचारायला गेले आणि पहिलंच वाक्य खोटं!

त्या नुसत्या ऐकायच्या तयारीत बसल्या. माझे कान तापले. म्हटलं, "मैत्रीण नाही. मीच."

सगळं सांगितलं. मध्ये आवाज चढला, खडू ठेवायच्या पेटीवर हात आपटला, सगळा हात पांढरा. त्या म्हणाल्या, दोन दुरावलेल्या माणसांना जोडण्यासाठी जो चांगला शब्द इकडून तिकडे नेतो, त्याला पैगंबरांनी खोटारड्यांत धरलेलं नाही. तुमच्या अम्मींना हे माहीत असणार.

मी म्हटलं, "माहीत असणारच! तिनेच अर्ध्या गावाला शिकवलंय! पण मग जोडलं कुणाला? त्यांनी तर शेवटपर्यंत नाव घेतलं नाही."

याचं उत्तर माझ्याकडे नाही म्हणाल्या. सरळ म्हणाल्या. मला बरं वाटलं, कशाला तरी उत्तर नाही असं कुणीतरी कबूल केलं.

मग दुआचं विचारलं. मला वाटलं, ओरडतील. म्हणाल्या, "जे मनात नाही ते मागू नका. पण 'या अल्लाह, माझ्या मनात त्यांच्यासाठी काही उरलं नाही, तूच घाल' — एवढं तर खरं सांगता येईल?"

घरी येऊन एवढंच सांगितलं. तेही अडखळत. पण त्यातला शब्द न शब्द खरा होता, आणि खूप रडले. इतके दिवस रडूच आलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

राग आता अम्मीवर नाही. तिने दर शुक्रवारी माझ्या खोलीचा जिना चढायचा, गुडघे धरून, आणि वर येऊन नवऱ्याच्या आवाजात मला जपायचं! स्वतःच्या तोंडाने "फडकं बांध" म्हणाली असती तर मी बांधलं असतं का? नसतं. तिला ते ठाऊक होतं.

पण अब्बा? त्यांच्या नावाने इतकं बोललं गेलं, आणि ते आपले आतल्या खोलीत मशीन उघडून बसलेले, बिचाऱ्यांना पत्ताही नाही! बायको दर शुक्रवारी डबा घेऊन कुठे जाते हे कधी विचारलं नसेल? घरात राहणाऱ्या माणसाला इतकं कळत नाही?

थांब.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. मी अम्मीला विचारलं, ते म्हणाले का. ती म्हणाली नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, नेहमीसारखं. त्यांना माहीत होतं का, हे मी विचारलंच नाही!

आणि आता विचारायची भीती वाटते. नव्हतं माहीत म्हणाली तर संपलं. तर मग जुलैत आम्ही ज्याला दफन केलं त्या माणसाला मुलगीच नव्हती. आणि ही बाई खोटं सांगणार नाही, हीच पंचाईत. दुसऱ्या कुणाची आई असती तर निदान माझं मन राखायला काहीतरी बनवून सांगितलं असतं. हिनेही सांगितलंच होतं म्हणा. पण आता विचारल्यावर नाही सांगणार.

तरी उद्या जाते. आजवर शुक्रवारी ती माझ्याकडे यायची.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दारातच विचारलं. आत जायचा धीर नव्हता. "अम्मी, तू त्यांच्या नावाने मला काय काय सांगतेस, हे अब्बांना माहीत होतं?"

म्हणाली, "तुझ्याकडून मी परतले की माझ्या चपला निघायच्या आत विचारायचे — 'आज मी काय म्हणालो?' मी सांगायचे. मान खाली घालून ऐकायचे, आणि म्हणायचे, 'एवढंच?'"