लाडू जेवला

डब्लिन, ओहायो
मार्च २००६

लाडक्या मंद्या,

लाडू जेवला! आज सकाळी, नऊ आठवड्यांनी, तुझ्या त्या दीड हाताच्या अजगराने तोंड उघडलं आणि माझ्या हातच्या चिमट्यातला उंदीर घेतला.

ही बातमी सांगायला घरात कोणी नव्हतं. प्रसाद ऑफिसला, ईशा शाळेत. आईला सांगावं म्हणून कॉलिंग कार्ड काढलं आणि नंबर न फिरवताच परत ड्रॉवरमध्ये टाकलं. मग म्हटलं, ज्याची बातमी त्यालाच कळवू. तू जाऊन तीन महिने होत आले. एवढ्या दिवसांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, रागावलास का रे?

मागच्या उन्हाळ्यातला तुझा तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. "ताई, एक सांगायचंय. ओरडणार नाहीस ना?" मला वाटलं, आलं प्रकरण! मी खुर्ची ओढून बसले. विचारलं, "मराठी आहे का?" तू म्हणालास, "मूळचा आफ्रिकेचा. अजगर आहे, ताई." मी अशी किंचाळले की प्रसाद बाथरूममधून अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला.

तू शांतपणे समजावत होतास. पिल्लू आहे, बॉल पायथन म्हणतात, विषारी नसतो. घाबरला की चावायला धावत नाही, अंगाचं वेटोळं करून डोकं आत घालतो आणि गोल होऊन बसतो. म्हणून नाव लाडू. पीएच.डी. करायला गेलेला मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावच्या त्या खुराड्यात साप पाळतो, हे आईला सांगायचं नाही असं आपलं ठरलं. माझ्याकडून पहिल्यांदाच तुझं गुपित टिकलं.

पण डिसेंबरात तू विचारलंस, "सुट्टीत येऊ का? सगळे रूममेट जातायत, लाडूला एकटं ठेवता येणार नाही. त्यालाही आणतो." आणि मी ताडकन म्हणाले, "घरात लहान मुलगी आहे, देव आहेत. तो साप माझ्या दारातून आत येणार नाही. द्यायचा कुणाला तरी आणि मग यायचं." तू एवढंच म्हणालास, "बरं. मग मी इथेच राहतो."

आवाजात राग नव्हता. मला वाटलं, दोन दिवसांत मऊ होईल, येईल. चौथ्या दिवशी फोन आला तो पोलिसांचा. मित्राच्या गाडीतून किराणा आणायला निघालात आणि बर्फावरून गाडी घसरली. मित्राला खरचटलं. तू गेलास.

तू भांडायचं नाहीस का रे माझ्याशी? एकदा तरी म्हणायचंस, "ताई, तू चूक आहेस, मी येतोच." माझ्याशी भांडून आजवर कोणी हरलेलं नाही, तुला माहीत होतं. मी ओरडते आणि दहा मिनिटांनी पोळ्या लाटायला घेते. मुकाट्याने 'बरं' म्हणायची तुझी ती सवय मला कधीच आवडली नव्हती, आता तर तिचा संतापच येतो.

तुझ्या अस्थी घेऊन मी नाशिकला गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर चांगले सहा-सात बसलेले, पण एकही खाली येईना. तुला माहितीये आपल्याकडे मग काय चालतं. बाबा हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला जपीन." मावशी म्हणाली, "तुझ्या पुस्तकांना कोणी हात लावणार नाही." गुरुजी घड्याळ बघायला लागले. ऊन चढलं.

तुझं मन कशात अडकलंय, ते तिथे एकट्या मला माहीत होतं. शेवटी मी मोठ्याने ओरडले, "लाडूला मी सांभाळीन रे!" आणि कावळा आला! सरळ पिंडावर!

पुढची गंमत तू बघायला हवी होतीस. मावशीने माझा दंड गच्च धरला आणि कानात म्हणाली, "अगं, मूल होतं की काय त्याला तिकडे?" मी म्हटलं, "नाही गं, साप आहे." गुरुजींचा मंत्र मध्येच थांबला. आणि बाबा हसले, मंद्या. दहा दिवसांत पहिल्यांदा हसले आणि हसताहसताच रडायला लागले.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "सुट्टी होती, सहा तासांवर सख्खी बहीण. तिच्याकडे गेला असता तर? पण नाही, बर्फात भटकायचं. पहिल्यापासून हट्टी मेला." मी बाहेर बघत राहिले. म्हटलं, "काम असेल गं त्याला."

परत आल्यावर तुझ्या लाडूला आणायला निघालो. प्रसाद म्हणाला, "वचन तू दिलंस, तेही कावळ्याला. सहा तास गाडी मी का चालवायची?" पण चालवली. तुझा रूममेट अमेय सुट्टी सोडून लाडूसाठी परत आला होता. त्याने तुझ्याच एका उशीच्या अभ्र्यात लाडूला घालून वर गाठ मारली आणि अभ्रा माझ्या मांडीवर ठेवला. "थंडी लागू देऊ नका, ताई." गाडीत हीटर लावून आम्ही निघालो. पहिला तासभर मी श्वाससुद्धा जपून घेत होते. ओहायोची हद्द लागली तेव्हा बघते तर माझा हात अभ्र्यावर होता आणि आत तो हळूहळू सरकत होता.

मी त्याचं सगळं उत्तम करायचं ठरवलं. तुझी ती छोटी काचपेटी गॅरेजमध्ये टाकली आणि दुकानातली सगळ्यात मोठी आणली. आत खोटी झाडं, पोहता येईल एवढं पाण्याचं भांडं, एका बाजूला खालून ऊब, दोन थर्मामीटर. अमेयने सामानाबरोबर एक श्रीखंडाचा रिकामा डबाही दिला होता. कडेला भोक पाडलेला, कळकट. शी! मंद्याचा आळशीपणा, म्हणून मी तो कचऱ्यात टाकला.

मग सुरू झाला उपास. आपल्या शाकाहारी घरात गॅरेजच्या फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर आले. डब्यावर प्रसादने लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, 'आईस्क्रीम नाही'. आदल्या रात्री एक काढून ठेवायचा, सकाळी गरम पाण्यात कोमट करायचा, लांब चिमट्यात धरून हलवायचा. मी नाकाला ओढणी बांधून सगळं केलं. लाडूने ढुंकून पाहिलं नाही. गोल होऊन बसला.

आपली सवय तुला माहीतच आहे. पाहुणा नको म्हणाला की आपण आणखी वाढतो. मी दिवसातून आठ-दहा वेळा झाकण उघडून विचारायचे, "खातोस का रे राजा? थोडं तरी?" गुरुवारी माझा उपास, म्हणून त्याला आधी देऊन बघायचे. हातात घ्यायचे, अंगावरून हात फिरवायचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. दर आठवड्याला काटा थोडा खाली. ईशा विचारायची, "मॉम, इज ही मॅड अ‍ॅट अस?" मला त्याचं उत्तर द्यायची भीती वाटायची. आत कुठेतरी मला खात्रीच होती की तो रागावलाय आणि त्याच्यातून तू रागावलायस. ज्याला दारात येऊ दिलं नाही, तो माझ्या हातचं का खाईल?

शेवटी अमेयला फोन केला.

"ताई, डब्यात तरी बसतो ना तो?"

"कुठल्या डब्यात?"

"श्रीखंडाच्या. दिला नव्हता का मी?"

"टाकला."

"काऊन टाकला ताई! यार, तेच त्याचं घर होतं. त्याला चारी बाजूंनी अंगाला लागेल अशी घट्ट जागा लागते. तुम्ही त्याला बंगला दिला, तो घाबरून राहिलाय. आणि रोज हातात घेऊ नका. काही दिवस विसरून जा त्याला."

त्या शनिवारी बर्फ पडत असताना आम्ही कोलंबसच्या इंडियन दुकानातून श्रीखंडाचे दोन मोठे डबे आणले. फेब्रुवारीच्या थंडीत, कुठला सण नसताना, चार दिवस पोळीशी श्रीखंड खाल्लं. ईशाची चैन झाली. प्रसादला सर्दी झाली. सुरी तापवून मी डब्याला दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, तुझी छोटी पेटी परत आणली आणि तीन बाजूंनी चादर टाकली. लाडूने डब्याभोवती एक फेरी मारली आणि आत शिरला. पूर्ण आत. शेपटीचं टोकसुद्धा बाहेर ठेवलं नाही.

पाणी बदलण्यापुरतं सोडलं तर मग मी त्या खोलीत गेलेच नाही. मंद्या, आयुष्यात एवढं अवघड काही केलं नसेल! लगेच नाही खाल्लं त्याने. मध्ये एकदा डोळे दुधाळ झाले, मी हबकले. अमेय म्हणाला, कात टाकतोय. अख्खी कात निघाली, डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट. ती मी जपून ठेवलीय.

आणि आज सकाळी डब्याच्या दाराशी चिमटा धरला. आतून जीभ बाहेर आली, दोनदा, तीनदा. मग एक झटका! माझ्या हातातून चिमटाच पडला. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. वेढे घातले, मग सावकाश, अगदी तब्येतीत गिळलं त्याने. आणि झाल्यावर मोठी जांभई दिली. तोंडावर हात न ठेवता, अगदी तुझ्यासारखी. मी हमसून हमसून रडले.

तो माझ्यावर रागावला नव्हता रे. त्याला फक्त त्याची जागा हवी होती. तुझंही तेच होतं का? दर फोनला मी म्हणायचे, त्या खुराड्यात काय राहतोस, इथे चार बेडरूम पडल्यात. तुला ती खोली आवडत होती, हे मला कधी सुचलंच नाही. तू रागावला नव्हतास असं आज पहिल्यांदा वाटलं आणि त्याने हलकं वाटायच्या ऐवजी दुसरंच काहीतरी टोचायला लागलं.

आई दर रविवारी विचारते, "खाल्लं का गं त्याने?" नाशिकमध्ये बसून तिला अजगराच्या जेवणाची काळजी! आणि फोन ठेवता ठेवता तेच वाक्य. "तुझ्याकडे आला असता तर वाचला असता. हट्टी मेला." आणि मी दर रविवारी म्हणते, "काम असेल गं." तीन महिने तू तिचं बोलणं खातोयस आणि मी खाऊ देतेय. म्हणून सकाळी ते कार्ड परत ठेवलं. लाडू जेवला, एवढंच सांगून मला आज फोन ठेवता आला नसता.

तर ऐक. संध्याकाळी साडेआठला, नाशिकला सकाळ झाली की, मी फोन करीन. आधी सांगेन की लाडू जेवला. मग ती काही बोलायच्या आत सांगेन, "आई, मंदार येणार होता. त्याने विचारलं होतं. मी येऊ दिलं नाही."

ती रडेल. कदाचित फोन ठेवेल, कदाचित पुढचे कितीतरी रविवार माझ्याशी बोलणार नाही. तिला जे म्हणायचं ते मला म्हणू दे. पण तुला यापुढे ती हट्टी म्हणणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
ताई